जळालेले रंग, उरलेली छायाचित्रे

मराठी माणसाला मेजर रॉबर्ट गिल माहीत आहे तो पारोमुळे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४ साली आले आणि लेण्यांत बसून चित्रे रंगवणारा हा इंग्रज व त्याची पारो घरोघरी पोहोचली. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर चित्रपट काढला. योग असा विलक्षण, की देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी गेले आणि महानोर दुसऱ्याच दिवशी. त्या दोन दिवसांत मी पुन्हा गिलकडे वळलो. मात्र या खेपेला मला त्याच्या प्रेमाची गोष्ट नको होती, त्याच्या कामाचा हिशेब हवा होता. कारण या माणसाने आयुष्याची पस्तीस वर्षे ज्या कामात घातली, त्यातले बहुतेक एका आगीत जळून गेले आणि ज्याला त्याने स्वतः बहुधा जोडकाम मानले असेल, ते मात्र टिकले. ही गोष्ट प्रेमकथेइतकीच माणसाला अस्वस्थ करणारी आहे.

गिलचा जन्म १८०४ सालचा. विशीच्या आसपास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. शिपाईगिरी करता करता चित्रे काढायची, हा त्या काळच्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांचा शौक होता. तेव्हाच्या लष्करी शिक्षणात रेखाटनाला स्थान होते. किल्ला घ्यायचा तर आधी त्याचा नकाशा काढता यायला हवा! गिलचा हात मात्र नकाशापुरता नव्हता. तो चांगला चित्रकार होता, आणि तेच त्याचे नशीब ठरले.

अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. शिकारीच्या निमित्ताने तो वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला होता. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. आजही आपण भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना दोष देतो, त्या परंपरेचा उगम असा आहे. आसपासच्या गावकऱ्यांना आणि गुराख्यांना ती लेणी अर्थातच माहीत होती. ‘शोध’ लागला तो साहेबाला. पण शोध लागल्याने लेण्यांचे भले झाले असे म्हणवत नाही. येणाऱ्या हौशी पाहुण्यांनी भिंतींवरचे चित्रांचे तुकडे खरवडून नेले. वटवाघळे, ओल, जोगी-बैराग्यांच्या चुलींचा धूर हे होतेच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत निरनिराळ्या हातांनी जे घडवले, ते डोळ्यांदेखत झडू लागले.

जेम्स फर्ग्युसन हा निळीचा व्यापार करता करता वास्तुविद्येचा अभ्यासक झालेला स्कॉटिश गृहस्थ. त्याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. कंपनीच्या संचालकांना ते पटले. १८४४ साली या कामावर कॅप्टन रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. तेव्हा तो चाळिशीत पोहोचला होता.

अजिंठा हे तेव्हा निजामाच्या मुलखातले गाव. गावाभोवती तटबंदी, आत जुनी बारादरी. त्या बारादरीत गिलने मुक्काम टाकला. लेणी तेथून काही मैलांवर, घाटाखाली. भोवती दाट रान, रानात वाघ आणि हिवताप. तिथे जाऊन अंधाऱ्या विहारात उभे राहायचे, भिंतीवरचे चित्र नीट दिसेपर्यंत डोळे ताणायचे, आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत ते जसेच्या तसे उतरवायचे, हा त्याचा दिनक्रम झाला. एक कॅनव्हास पुरा व्हायला किती वेळ लागत असेल, याचा अंदाज लेणे क्रमांक सतरामध्ये उभे राहिल्यावर येतो. एकाच भिंतीवर हत्ती, घोडे, राजे, दासी, नौका, राक्षसिणी यांची अशी गर्दी आहे, की नुसती मोजदाद करायची म्हटले तरी दिवस मोडावा. गिलने हे काम १८४४ पासून १८६३ पर्यंत केले. मध्ये आजारपणे झाली, सामानाची वाट पाहण्यात महिने गेले. १८५७ चा उठाव होऊन कंपनीचे राज्य गेले आणि राणीचे आले. तयार झालेले कॅनव्हास गुंडाळून टप्प्याटप्प्याने लंडनला रवाना होत राहिले.

१८५६ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला.

छायाचित्रणाची कला तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि तिच्यात आपली माणसेही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यातले जाणते छायाचित्रकार. हे लाड बंधू मूळचे पेडणे महालातले, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या अगदी वेशीवरचे. पुढे भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांवर १८६० च्या दशकात निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे एकाच वेळी एक जण तिथल्या भिंतींवरची अक्षरे लावत होता आणि दुसरा तिथली रूपे टिपत होता. सरकारलाही या नव्या यंत्राचे महत्त्व उमगले होते. चित्रकाराला महिने लागतात ते काम कॅमेरा काही मिनिटांत, कमी खर्चात आणि हाताची लहर मध्ये न येऊ देता करतो, हे हिशेबी संचालकांना न पटते तरच नवल. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमले. गिल या पहिल्या फळीतलाच.

आज आपल्या नातवंडांच्या हातातला फोन एका जत्रेत दोनशे फोटो काढतो. त्यांना हे सांगायला हवे, की गिलच्या काळी एक फोटो काढणे म्हणजे काय होते. आधी काचेची तक्ती स्वच्छ पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा. ईथर आणि मद्यार्कात विरघळवलेला तो पदार्थ जरा जास्त वाहिला तरी तक्ती वाया. मग अंधाऱ्या तंबूत ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून प्रकाश द्यायचा, आणि सुकण्यापूर्वी पुन्हा तंबूत आणून धुवायची. एवढे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकले तर चित्र उमटायचे. खानदेश-वऱ्हाडच्या वैशाखात ईथर बघता बघता उडून जाते, म्हणजे तेवढाही अवधी मिळत नाही. तंबू कोंदट, वास डोके उठवणारा, हात चांदीच्या क्षाराने काळे पडलेले. काचा, बाटल्या, तंबू, तिकाटणे आणि धुण्यासाठी पाणी, हे सगळे बैलगाडीत घालून रानावनातून न्यायचे. एवढे करून तक्तीवर धुळीचा कण बसला तर पुन्हा पहिल्यापासून.

गिलने यातला एक खास प्रकार निवडला होता. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित वेगळी दिसते आणि मेंदू त्या दोन प्रतिमा जुळवून खोली समजून घेतो. तसेच दोन भिंगांचा कॅमेरा एकाच दृश्याची दोन चित्रे घेतो. ती शेजारी शेजारी चिकटवून दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली, की सपाट कागदावरचे देऊळ घनरूप उभे राहते. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला हे यंत्र आवडले आणि मग ते घरोघरच्या दिवाणखान्यांत गेले. आमच्या लहानपणी जत्रेत डबा घेऊन येणारा माणूस भोकाला डोळा लावायला सांगून ताजमहाल दाखवायचा, त्याच कुळातली ही करमणूक. लेण्यांसाठी तर हे तंत्र मुद्दाम घडवल्यासारखे. लेणे म्हणजे मुळात खोली. एका कातळात पोखरत नेलेली पोकळी सपाट चित्रात कळत नाही. खांबांची रांग, तिच्यामागचा अंधार, त्यामागचा स्तूप हे दोन डोळ्यांनीच पाहावे लागते.

१८६४ साली लंडनमध्ये गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात भारतातील कोरीव लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे, दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग दाखवणारी शंभर जोडचित्रे. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनचा. ज्याच्या निबंधामुळे गिल अजिंठ्याला गेला, त्याच्याच लेखणीबरोबर वीस वर्षांनी त्याचे काम छापून आले. या छायाचित्रांत अजिंठा आणि वेरूळ आहेच, पण त्यापलीकडेही बरेच आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवल्यावर तो मुलूख गिलच्या टप्प्यात आला. लोणारच्या सरोवराजवळचे दैत्यसूदनाचे मंदिर, मेहकरची हेमाडपंती धर्मशाळा, अशा आडवाटेच्या वास्तू त्याने टिपल्या. डोंगर, नदीनाले, झाडी, वाघाची शिकार यांचीही चित्रे घेतली. तो स्वतः नावाजलेला शिकारी होता. आजच्या वाचकाला हे रुचणार नाही, पण ज्या पुस्तकाच्या नावात वास्तू आणि निसर्ग शेजारी शेजारी बसतात, ते पुस्तक अशा माणसाच्या हातूनच निघायचे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कॅमेरा आला म्हणून कुंचल्याची गरज संपली नव्हती. एक तर विहारांच्या आतल्या अंधारात भिंतींसाठी प्रकाश पुरत नसे. दुसरे असे, की त्या काळच्या ओल्या तक्तीला रंग कळत नसत, आणि करडे रूप देतानाही ती पक्षपात करी. निळा रंग तिला फार लवकर जाणवे, म्हणून निळे ते पांढुरके उमटे. तांबडा आणि पिवळा तिला दिसतच नसत म्हणा ना, ते काळे होऊन जात. अजिंठ्याची चित्रे म्हणजे गेरू आणि पिवडी यांचा उत्सव, मध्येच राजावर्ताची निळाई. त्यांचे छायाचित्र म्हणजे उलटापालट. म्हणून रंगांसाठी गिलचा कुंचला आणि दगडासाठी त्याचा कॅमेरा, अशी ही वाटणी होती. रंगांची बाजू कॅनव्हासवर लंडनला जाऊन बसली होती.

लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम इथे क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा आणि लोखंडाचा प्रचंड महाल होता. तिथल्या भारतीय दालनात गिलचे कॅनव्हास मांडले होते. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या उत्तरेच्या भागाला आग लागली. गिलची चित्रे जळाली. त्या वेळी तिथे टांगलेली नसलेली जेमतेम चार-पाच तेवढी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. पंधराशे वर्षे कातळात टिकलेल्या चित्रांची नक्कल सुरक्षित राहावी म्हणून साता समुद्रापार नेली, आणि ती अस्सलाच्या आधी गेली.

ही बातमी बारादरीत पोहोचली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. ज्या वयात मी निवृत्तीची कागदपत्रे पुरी करून समुद्राकाठी येऊन बसलो, त्याहून दोन वर्षांनी मोठा. सामान बांधून तो मायदेशी परतला असता तर कुणी नावे ठेवली नसती. तो गेला नाही. त्याने पुन्हा काम धरले. पुढेही वऱ्हाडातल्या देवळांची छायाचित्रे घेत राहिला. तेवढा काळ मात्र त्याला मिळणार नव्हता. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत अजिंठ्याहून भुसावळकडे जात असताना वाटेतच त्याचा अंत झाला. भुसावळ तेव्हा नुकतेच रेल्वेचे गाव झाले होते. तिथल्या युरोपीय दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

आता पारोकडे यावेच लागेल. अजिंठा गावात तिची कबर आहे. तिच्यावर इंग्रजीत कोरलेला लेख आहे. त्यात तिचे नाव आहे, ती लिहिणाऱ्याची लाडकी होती असे आहे, आणि २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. बस्स. बाकीचे जे आपण जाणतो, म्हणजे तिचे गाव, तिची जात, ती रंगांसाठी पाने-फुले आणायची, गावाचा रोष, ते सगळे लोककथेने आणि कवीने दिलेले आहे. माझ्यात दोन माणसे नांदतात. एक कादंबरीकार. तो म्हणतो, बघ, १८५६ सालीच पारो गेली आणि त्याच सुमारास गिलने कॅमेरा हाती घेतला. जे हातातून निसटते ते धरून ठेवण्याची ओढ त्याला नेमकी तेव्हाच का लागली? यावर चांगली तीनशे पाने होतील. दुसरा माणूस बँकेतला. तो शांतपणे म्हणतो, व्हाउचर दाखवा. दोन नोंदींवर एकच साल असले म्हणजे त्यांचा एकमेकींशी व्यवहार झाला असे सिद्ध होत नाही. सरकारने त्याच काळात सगळीकडेच छायाचित्रणाला उत्तेजन दिले होते, हे कारण पुरेसे आहे. चाळीस वर्षे या दोघांचे भांडण ऐकत आलेला मी या बाबतीत बँकवाल्याच्या बाजूने आहे. पारोला मान द्यायचा तर तिच्याविषयी जेवढे दगडावर आहे तेवढे आधी जपावे. महानोरांनी काव्य लिहिले, इतिहास लिहिला असा त्याचा अर्थ आपण लावू नये. गिलने हजारो वर्षांपूर्वीच्या राण्या आणि दासी रंगवल्या, शिल्पे आणि देवळे टिपली. त्याच्या छापलेल्या कामात पारो कुठेही नाही. तिच्यासाठी त्याने दगड वापरला.

गिलची चित्रे जळाल्यावर सरकारने पुन्हा प्रयत्न केला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढची तेरा वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. एकाच कामावर दोनदा तोच घाला! लोक याला अजिंठ्याचा शाप म्हणतात. मला त्यात शाप दिसत नाही. बँकेत संगणक आला तेव्हा आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते, की दिवसभराच्या नोंदींची एक प्रत रोज दुसऱ्या इमारतीत गेली पाहिजे. गिलचा कॅनव्हास एकमेव होता. एक जागा, एक आग, सगळे संपले. त्याच्या काचेवरून मात्र अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग लावलेल्या कागदावर हव्या तितक्या प्रती निघाल्या, पुस्तकांत गेल्या, ठिकठिकाणी पसरल्या. म्हणून आज लंडनच्या ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत त्याची छायाचित्रे पाहायला मिळतात. त्या छायाचित्रांतला खांब, कोनाडा, कोसळलेली ओसरी आजच्या अभ्यासकाला सांगते, की दीडशे वर्षांपूर्वी इथे काय होते आणि नंतरच्या डागडुजीत काय बदलले. गिलचे प्रेम कुंचल्यावर असेल, पण आपल्या उपयोगी पडला तो त्याचा कॅमेरा.

हे मी मालवणच्या किनाऱ्यावर बसून का लिहितो आहे? आमच्याकडे अजिंठा नाही. पण झडणारे पुष्कळ आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रे आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर त्यांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. पण ज्या जांभ्यावर अशी चित्रे कोरली जातात, त्याच जांभ्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या आहेत. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तो कागद जुना आहे आणि आमचा पावसाळा चार महिन्यांचा. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यांची काळजी आता अनेकांना आहे. काळजी नाही ती साध्या घरांची. नळ्यांच्या छपराचे, चिऱ्याच्या भिंतींचे, मातीच्या पडवीचे, पुढ्यात सारवलेला खळा आणि तुळशीवृंदावन असलेले घर दर मे महिन्यात कुठे ना कुठे पाडले जाते आणि त्या जागी स्लॅब उभा राहतो. घर पाडू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? गळक्या छपराखाली पावसाळा काढायचा असतो तो त्या घरातल्या माणसांना. पण पाडण्यापूर्वी त्याची नोंद करायला कुणाची हरकत आहे?

या चतुर्थीला चाकरमानी गावी येतील, घराघरांत कॅमेऱ्याचे दहा-वीस फोन असतील. आरतीचे फोटो निघतील, मोदकांचे निघतील. त्यातला एक तास घरासाठी ठेवावा. माजघर, देवखोली, वळईचा जिना, दाराची जुनी चौकट, मागचा मांगर, विहीर, अंगणातून दिसणारा डोंगर, एकेक करून टिपावे. आजीला शेजारी बसवून कुठली खोली कोणी बांधली, तुळई कोणत्या झाडाची, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. चित्रात माणसेही येऊ द्यावीत, नाव घालून. आणि त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक मुंबईला नेणाऱ्याने न्यावी, दुसरी गावात ठेवावी.